घराच्या हवेचे गाळणे

शिकागो येथे मुलाकडे राहावयास गेलेल्या एका व्यापारी दांपत्याने नातवाच्या खोकल्याच्या काळजीने घरातील फर्नेसला सर्वांत दाट फिल्टर बसवून घेतला. ऐन जानेवारीत फर्नेस वारंवार बंद पडू लागली. तंत्रज्ञाने तो फिल्टर बदलताच घर पुन्हा उबदार झाले. दोष यंत्राचा नव्हता, निवडीचा होता.

फिल्टरची गाळणक्षमता 'मर्व्ह' या अंकाने दर्शवितात. अंक जितका मोठा, तितके सूक्ष्म कण अडतात. परंतु हवेचा मार्गही अडू शकतो. पुरेशी हवा न मिळाल्यास फर्नेसचा अंतर्भाग अतितप्त होतो आणि सुरक्षेची कळ ज्वाला विझविते. घरासाठी सामान्यतः ८ ते १३ मर्व्ह योग्य. मात्र १३ घेण्यापूर्वी पंख्याला तो झेपेल काय, हे तंत्रज्ञास विचारावे.

फिल्टर बदलताना प्रथम यंत्र बंद करावे. जुन्या चौकटीवर छापलेल्या मापाचाच नवा आणावा. बाणाचे टोक फर्नेसकडे असावे. एक इंची फिल्टर दरमहा तपासून एक ते तीन महिन्यांत बदलावा. चार-पाच इंची बहुधा सहा ते बारा महिने चालतो. बसविल्याची तारीख चौकटीवर लिहावी. वहीतील नोंदीप्रमाणे ती विसरू देत नाही.

पाणी दुहेरी वस्त्रातून गाळणाऱ्या घरांना हा विचार परका नाही. वस्त्र दाट हवे, पण त्यातून पाणी उतरलेही पाहिजे. आणि ते वेळेवर स्वच्छ केले पाहिजे. हवेच्या बाबतीतही हाच विवेक हवा.