आधार, पासबुक चावडीवर टांगू नका!

शेतकरी बंधूंनो, पैठण असो की कन्नड, अतिवृष्टीच्या मदतीची यादी निघाली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार अन् पासबुकाचे फोटो पडू लागतात. ग्रुप म्हणजे चावडीच. तिथे कोण कोण बसलंय, कुणाला ठाऊक? आधार क्रमांक असा चारचौघांत जाहीर करायला २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे, हे गावच्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. कागद कार्यालयातच घ्यावेत.

‘पीएम किसान’च्या नावाने एपीके फाइल आली तर उघडू नका. ती मोबाइलमधले ओटीपी चोरते अन् खाते साफ होते. हप्ता थेट खात्यात येतो. त्याला ग्रुपवरची फाइल लागत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तात्काळ १९३० ला फोन लावा.