घरसंसार : भिंतीस भोंक न पाडतां

खिडकीच्या पडद्यावर लेख लिहावा एवढें त्यांत काय आहे, असें पुष्कळांस वाटेल. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझेंहि मत तसेंच होतें. परंतु एका पडद्यापायीं आमच्या घरांत आजी व नात यांचा चार दिवस अबोला झाला, आणि तो मोडण्याच्या खटपटींत मला जें कळलें तें या सदराच्या वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आम्ही मूळचीं नांदेडचीं. गोदावरीपासून हांकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा आहे, व त्यांत आम्ही तिघी जावा, सासूबाई आणि मुलें असें भरलें घर नांदतें. मधल्या भाऊजींची मुलगी दहावी उत्तीर्ण झाली व डॉक्टर होण्याचें मनांत धरून तिनें लातूरचा हट्ट घेतला. लातूरच्या राजर्षि शाहू व दयानंद या महाविद्यालयांनीं 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रभर केलें. तेव्हांपासून कितीतरी कुटुंबें मुलांच्या मागोमाग दोन वर्षांकरितां तेथें भाड्याचें बिऱ्हाड करतात. आमच्या घरांतून मी व सासूबाई अशा दोघी तिच्यासोबत गेलों.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालक सज्जन, पण करारांत एक अट ठळक होती. भिंतीस खिळा ठोकावयाचा नाहीं, यंत्रानें भोंक पाडावयाचें नाहीं. पाडल्यास अनामत रकमेंतून भरपाई कापली जाईल. अट मला प्रथम जाचक वाटली. पण दर दोन वर्षांनीं नवें बिऱ्हाड आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे दहा नवे खिळे, असा हिशेब मांडला म्हणजे त्या भिंतींची कींव येऊं लागते.

मोठ्या खोलीची खिडकी पश्चिमेस. मार्च उजाडला आणि साडेचारच्या सुमारास ऊन थेट मुलीच्या वहीवर येऊं लागलें. आम्हीं खिडकीच्या गजांना सुतळी बांधून तिच्यावर जुनी जाड चादर टाकली. सासूबाईंस तें फार आवडलें. "दुपारीं घर माजघरासारखें काळोखें हवें, या काचेच्या पेटींत माणसाचा डोळा लागावा कसा?" असें त्या म्हणत. मुलीचें म्हणणें वेगळें. "आजी, तूं चादर ओढलीस कीं मला अक्षर दिसत नाहीं, आणि दिवा लावला तर तुझ्याच डोळ्यांवर येतो." एकीचें वय ऐंशीच्या घरांत व रात्रीची झोंप उडालेली, दुसरीच्या परीक्षेस वर्ष राहिलेलें. दोघींचेंहि खरें होतें, म्हणूनच तें भांडण मिटेना. अखेर दोघी बोलेनाशा झाल्या.

आमच्या वाड्यांत हा प्रश्न कधीं पडला नव्हता. त्याचें कारण असें कीं, तेथील सावली पडद्याची नसून भिंतीची आहे. दोन-दोन हात जाड भिंत, तींत खोल बसविलेली लहानशी खिडकी, वर माळवद; ऊन आंत शिरेपर्यंत सायंकाळ होते. त्या बांधणीचा दोषहि मराठवाड्यानें पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत ७,५०० हून अधिक माणसें गेलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती व माळवदाचा भार अंगावर कोसळून बहुतेकांचा घात झाला. त्यानंतर नव्या घरांत सिमेंटचे खांब व पातळ भिंती आल्या, आणि तें योग्यच झालें. मात्र पातळ भिंतीबरोबर मोठमोठीं तावदानेंहि आलीं. भिंतीनें सोडलेलें काम आतां कोणीतरी पत्करावयास हवें. तें पडद्याकडे आलें आहे.

पण हें काम एक नव्हे, तीन आहेत. एक, उष्णता अडविणें; दुसरें, डोळ्यांवर येणारा झगझगाट मोडणें; तिसरें, परक्याची दृष्टि आंत येऊं न देणें. आपण दुकानांत जाऊन रंग व किंमत विचारतों, आणि या तिहींपैकीं आपणांस कोणतें काम करून घ्यावयाचें आहे हें स्वतःला विचारीत नाहीं. आमच्या चादरीनें तिन्ही कामें अर्धवट केलीं व वर उजेडहि घालविला.

शेजारच्या बिऱ्हाडांत मीं चुणीदार पडदा प्रथम पाहिला. दुकानदार त्यास 'प्लीटेड ब्लाइंड' म्हणतात. कागदाच्या पंख्यास असतात तशा घड्या कापडास कायमच्या पाडलेल्या असतात. उघडला म्हणजे घड्या पसरतात, मिटला म्हणजे बोटा-दोन बोटांच्या थरांत मावतो. त्याच्या कांहीं प्रकारांत दोन पट्ट्या सरकत्या असतात, म्हणून तो खालून वर जातो तसा वरून खालींहि येतो. खिडकीचा खालचा अर्धा भाग झांकून वरचा मोकळा ठेवतां येतो. हा गुण नेहमींच्या पडद्यांत नाहीं, आणि आमच्या भांडणाची किल्ली नेमकी त्यांत होती.

भिंतीस धक्का न लावतां तो बसविण्याच्या तीन रीती आहेत. पहिलींत पट्टीचे आंकडे किंवा क्लॅम्प झडपेच्या वरच्या व खालच्या कडेस अडकवितात. बिजागरीवर उघडणाऱ्या झडपेस ही रीत उत्तम, कारण पडदा झडपेबरोबरच फिरतो. दुसरींत दोन्ही बाजूंनीं चिकटणारी पट्टी लावतात. तिसरींत वरची पट्टी खिडकीच्या कोनाड्यांत, दोन बाजूंच्या भिंतींमध्यें, स्प्रिंगच्या दाबानें घट्ट बसते.

आम्हीं प्रथम स्वस्त म्हणून चिकटपट्टीची रीत धरली आणि फसलों. दोष मालाचा नव्हे, आमचा. डिस्टेंपर दिलेल्या भिंतीवर, तेंहि भर दुपारीं तापलेली असतां, पट्टी लावली. तिसऱ्या दिवशीं रंगाचा पापुद्रा घेऊन पडदा मुलीच्या वहीवर येऊन पडला. चिकटपट्टी काचेस, अल्युमिनियमला किंवा तैलरंगाच्या गुळगुळीत लांकडास धरते; चुन्यास व डिस्टेंपरला ती धरते असें वाटतें, वस्तुतः ती रंगाच्या भुकटीसच धरून असते. लावण्यापूर्वीं पृष्ठभाग स्पिरिटानें पुसावा, सकाळच्या गारव्यांत पट्टी दाबून बसवावी, व एक दिवस तिच्यावर भार घालूं नये. काढतांना ओढूं नये. केंस वाळविण्याच्या यंत्रानें किंचित् ऊब देऊन मागून दोरा फिरवावा.

क्लॅम्पची रीत त्या खिडकीस चालेना. आमच्या झडपा अल्युमिनियमच्या व सरकत्या. एकीवर क्लॅम्प बसविला कीं दुसरी त्यास घासते. लातूर-नांदेडकडील नव्या घरांत अशाच खिडक्या फार. म्हणून चित्रांतील पडदा पाहून भुलूं नये, आपली झडप कशी उघडते हें आधीं पाहावें. उरली स्प्रिंगची रीत. तिला पडदा मावेल इतका खोल व दोन्ही बाजूंनीं भक्कम कोनाडा लागतो. खिडकी फार रुंद असल्यास एका पडद्याऐवजीं दोन घ्यावेत. नाहींतर वजनानें तो घसरतो, व घसरूं नये म्हणून अधिक आंवळावा तर गिलावा दबतो.

मापाच्या बाबतींत माझी चूक सांगतें. मीं शिवणाच्या कापडी फितीनें फक्त वरची रुंदी घेतली. पडदा आला तेव्हां वर ठीक बसला आणि खालीं अडकला. कारण कोनाडा खालच्या बाजूस अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक अरुंद होता. मापाबरहुकूम केलेला माल परत घेतला जात नाहीं. पट्टी कापून घेण्याचे पैसे वेगळे पडले. म्हणून पोलादी फीत घ्यावी. रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीन ठिकाणीं मोजून सर्वांत लहान आंकडा धरावा. उंचीहि तशीच तीन ठिकाणीं मोजावी. आणि कोनाकोनांतील दोन्ही तिरपीं मापें सारखीं येतात कीं नाहीं तें पाहावें. तीं सारखीं नसतील तर खिडकी तिरकी आहे असें समजून दुकानदारास तसें सांगावें.

कापड निवडतांना पुन्हां दोन पक्ष पडले. सासूबाईंस पूर्ण काळोख करणारें हवें होतें, मुलीस पातळ. आम्हीं उजेड गाळून आंत सोडणारें, बाहेरच्या अंगास पांढरें असें घेतलें. दुपारीं एक ते तीन सूर्य उंच असतो व छज्जा त्यास अडवितो. त्या वेळीं खालचा अर्धा भाग झांकून वरचा मोकळा ठेवला कीं सासूबाईंच्या खाटेवर सावली पडते आणि मुलीच्या मेजावर आकाशाचा उजेड येतो. साडेचारला ऊन तिरपें झालें म्हणजे पडदा पूर्ण ओढावा. वहीवर पडतो तो दुधासारखा मऊ उजेड. पहिल्याच दुपारीं सासूबाई निजून उठल्या आणि म्हणाल्या, "बाळ, दिवा न लावतां दिसलें का ग तुला ?" अबोला तेथेंच संपला.

पण उष्णता कमी झाली, असें मात्र मी म्हणणार नाहीं. एकदां ऊन काचेतून आंत आलें कीं त्याची ऊबहि घरांत आलीच. आंतला पांढरा पडदा तिचा कांहीं भाग परत पाठवितो, सर्व नव्हे. मधमाशांच्या पोळ्यासारख्या दुहेरी कापडाच्या पडद्यांत हवा कोंडून राहते, त्यामुळें थोडा अधिक फरक पडतो. तथापि उन्हास काचेच्या बाहेर अडविण्याची सर त्यास नाहीं. पूर्वीं त्यासाठीं वाळ्याचे ताटे असत व त्यांवर पाणी शिंपडीत. परंतु ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें पडद्यावर पाणी ओतण्याची गोष्ट कोणत्या तोंडानें करावी ? आम्हीं बांबूचा साधा चिक आणला व बाहेरच्या गजांना सुतळीनें बांधला. वळवाच्या वाऱ्यानें उडूं नये म्हणून त्याचीं खालचीं टोंकेंहि बांधलीं. भिंतीस खिळा नाहीं, करारास बाध नाहीं, आणि चुणीदार पडद्याच्या मानानें खर्च अगदींच थोडा. संध्याकाळीं काच पूर्वीं हात लावूं देत नसे; आतां हात ठेवतां येतो.

येथें दिशेचाहि विचार सांगतें. नांदेड-लातूरकडे मेच्या मध्यास माध्यान्हींचा सूर्य डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत किंचित् उत्तरेसच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीस उन्हाळ्यांत छज्जा पुरतो, आणि थंडींत तिच्यांतून येणारें ऊन हवेंसेंच वाटतें. खरा त्रास पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांचा, कारण तिरप्या उन्हास छज्जा अडवीत नाहीं. पैसे मोजकेच असतील तर ते प्रथम पश्चिमेस खर्चावेत.

दुसऱ्या खोलींतून गच्चीवर जाणारें कांचेचें दार आहे. तें बिजागरीचें, म्हणून तेथें क्लॅम्पचा पडदा छान बसला. लांब पडदा दारांत सांपडतो व पायांत येतो. हा दाराबरोबर फिरतो. मात्र मुठीपुरती जागा सोडली आहे ना, आणि दार पूर्ण उघडल्यावर पडदा भिंतीवर आपटत नाहीं ना, हें घेण्यापूर्वींच पाहावें.

आणखी दोन गोष्टी. घरांत रांगणारें-चालणारें मूल असेल तर लोंबत्या दोरीचा पडदा घेऊंच नये. गळ्यास फांस बसून मुलें दगावल्याचे प्रकार परदेशांत पुष्कळ घडले आणि तेथें त्याविरुद्ध नियम करावे लागले. हातानें धरून सरकविण्याचा प्रकारच घ्यावा. आणि स्वयंपाकघरांत हा पडदा नको. फोडणीचा तेलकट धूर व आपल्याकडील काळ्या मातीची धूळ चुण्यांत एकदां बसली कीं निघत नाहीं. इतर खोल्यांत आठवड्यास मऊ कुंचली फिरवावी. कापड धुतलें तर चुण्या टिकतात कीं नाहीं, हें दुकानांतच विचारून घ्यावें.

दोन वर्षांनीं हें बिऱ्हाड मोडेल. तो चुणीदार पडदा वाड्याच्या कोणत्याहि खिडकीस बसणार नाहीं हें मला ठाऊक आहे. घरमालकांस पसंत पडला तर पुढच्या बिऱ्हाडासाठीं तेथेंच ठेवूं. चिक गुंडाळून नांदेडास नेऊं. अनामत पुरी परत येईल, कारण भिंती होत्या तशाच आहेत. तेव्हां भाड्याच्या घरांत असा पडदा घेतांना त्याची किंमत दोन वर्षांत फिटते कीं नाहीं, एवढा हिशेब आधीं करावा. आमची फिटली असें मी मानतें. मुलगी मेजाशीं बसलेली असते, सासूबाई खाटेवर घोरत असतात, आणि मधल्या खिडकींत तो पडदा अर्धा खालीं, अर्धा मोकळा असतो.