बोटाचं कौतुक पुरे

आयपॉड टच पहिल्यांदा हातात आला तेव्हा मीही दोन मिनिटं येड्यासारखा नुसती यादी वर-खाली सरकवत बसलो होतो. २००७ च्या सप्टेंबरात आलेलं ते पहिलं मॉडेल. साडेतीन इंची काच, ८ मिलिमीटर जाडी, बोट झटकलं की यादी धावत सुटायची आणि शेवटाला आपटून रबरासारखी मागे यायची. (ही रबराची गंमत ज्याने कोडमध्ये उतरवली त्याला आजही सलाम.) ऑफिसातली सगळी मंडळी खुळावली होती. चर्चा कसली? तर काच हाताला कशी लागते. बस्स.

माझं म्हणणं असं, की गाण्याच्या यंत्राची परीक्षा बोटाने करायचीच नसते. त्याला दोनच प्रश्न विचारायचे. गाणं आत कसं जातं? आणि बाहेर कसं येतं?

२००८ च्या दिवाळीत मित्राकडून मागून ते यंत्र गावी नेलं होतं. गाव साकोली तालुक्यात, भंडारा जिल्हा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. काकाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "अन् आवाज कुठून येते बापा याचा?"

येतच नव्हता! पहिल्या टचला स्पीकर नव्हता, तो २००८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आला. आवाज कमी-जास्त करायला बाहेरून बटण नाही, तेही पुढच्याच मॉडेलला. म्हणजे ऐकणारा एकटा, कानात बोंडं, आणि आवाज वाढवायचा तर खिशातून काढून काचेकडे बघायचं. आता रोवणी चालू असताना धुऱ्यावर ठेवलेला रेडिओ आठवा. चिखलाचा हात, न बघता बटण फिरवलं, बांधीतल्या दहा बायका ऐकतायत. ही काच बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते. ओला हात लागला की ती गोंधळते, घट्टे पडलेलं जाड बोट तिला नीट कळत नाही. डिझायनरच्या डोळ्यांपुढे कोणाचं बोट होतं हे वेगळं सांगायला नको.

असो. बाहेर येण्याचं झालं. खरी गोम आत जाण्यात आहे.

गाणं आत घालायला कॉम्प्युटर हवा, त्यावर आयट्यून्स हवं. मेमरी कार्डाची खाच नाही, पहिल्या मॉडेलपासून २०२२ साली टच बंद होईपर्यंत कधीच नाही. आणि एकदा आत गेलेलं गाणं आयट्यून्सने दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढता येत नसे (दुकानातून विकत घेतलेलं सोडून). ते दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. याच काळात साकोली, लाखनी, पवनी, कुठल्याही बाजाराच्या गावी काय चालू होतं? रिचार्जच्या दुकानात कार्ड भरून मिळत होतं. नखाएवढं कार्ड, त्यात सिनेमाची गाणी, भजनं, आणि एका 'दंडार' नावाच्या फोल्डरात कोणीतरी कॅसेटवरून उतरवलेली दंडार. लोडशेडिंगमध्ये रात्रभर पोरं पारावर ते फोनच्या स्पीकरवर वाजवायची.

"अरे पण ती पायरसी!" हो, सिनेमाच्या गाण्यांची होतीच, तिची वकिली मी करत नाही. पण गावच्याच मंडळाने गावच्याच मंडईत केलेली दंडार गावकऱ्याने टेपवर धरली, ती शेजाऱ्याला दिली, यात चोरी कोणाची? यंत्राला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी गाणं कंपनीचं असतं आणि माणूस गिऱ्हाईक.

हे नुसतं एका कंपनीचं पाप नाही. आपल्या धंद्याचाच हा साचा आहे. एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा कप्पा असतो, १९९६ सालचा आयडी३ टॅग. गाण्याच्या नावाला ३० बाइट. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून दहा अक्षरांत नाव संपवा! संगीताच्या प्रकारांची मूळ यादी ८० ची. त्यात पोल्का आहे, गँगस्टा आहे, चक्क 'फोक' नाही. ते नंतर विनॅम्पवाल्यांनी वाढवलेल्या यादीत आलं. पुढच्या आवृत्तीत जागा वाढली, पण कलाकार आणि अल्बम हा साचा तसाच. खडी गंमतचा अल्बम कुठला लिहाल? पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांचा कलाकार कोण? मग सगळं जाऊन पडतं 'अननोन आर्टिस्ट' मध्ये, दोनशे फायली एकाखाली एक. बोटाने सरकवत बसा.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, हल्ली यूट्यूबवर दंडार ढिगाने सापडते. सापडते, आणि चांगलंच आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिथेच झाडीपट्टी पहिल्यांदा शोधून पाहिली असेल. पण तिथे आहे ते बहुतेक कॅमेऱ्याचे फोन आल्यानंतरचं. त्याआधीचं कॅसेटवरून कार्डावर आलं आणि कार्डावरच राहिलं. नव्या महागड्या फोनांना कार्डाची खाच नाही, आणि ती काढली तेव्हाही आपण काच किती गुळगुळीत आहे तेच बघत होतो.

ती कार्डं अजून घरोघरी कपाटात, बंद पडलेल्या फोनच्या पोटात आहेत. फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं वीज न देता पडून राहिली की त्यातले बिट हळूहळू पुसले जातात, हे आपल्या लाइनीतल्या माणसाला सांगायला नको. दिवाळीला घरी जाल तेव्हा शंभर-दोनशे रुपयांचा कार्ड रीडर सोबत न्या. फाइलच्या नावात गाव, मंडळ, साल लिहा, देवनागरीत, अख्खं. आणि टॅगमधला अल्बमचा रकाना रिकामाच राहू द्या.