युद्धाचे देणे कोणी फेडायचे?

डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला, की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर राष्ट्राच्या प्रतिष्ठेची चिंता सुरू होते. विरोधी पक्ष जाब विचारतो, सरकार जागतिक परिस्थितीकडे बोट दाखवते आणि चार दिवसांनी सारे शांत होते. या गदारोळात एक प्रश्न मात्र विचारला जात नाही. विनिमयाचा दर ढळण्याच्या कितीतरी आधी शेतमजुराच्या, गिरणी कामगाराच्या, निवृत्त कारकुनाच्या हातातला रुपया घसरलेला असतो. त्या घसरणीचा जाब कोणी द्यायचा? चलनाला दुर्बल करणाऱ्या कारणांत युद्ध हे फार जुने आणि फार प्रबळ कारण आहे. परंतु युद्धामुळे चलन कमकुवत होते एवढे म्हणून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. युद्धाचा खर्च कोणाकडून वसूल करायचा हे राज्यकर्ते ठरवितात, आणि ज्यांच्याकडे संपत्ती आहे त्यांच्यासमोर हात पसरण्याचे धैर्य त्यांना झाले नाही म्हणजे ते नोटा छापतात.

युद्धाचा खर्च भागविण्याचे मार्ग तीनच आहेत. कर बसवावा, कर्ज काढावे किंवा नोटा छापाव्यात. कोणताही मार्ग पत्करला, तरी सैन्यासाठी लागणारे धान्य, कापड, कोळसा आणि पोलाद हे त्याच वर्षीच्या उत्पादनातून काढावे लागते. तेवढा माल बाजारातून कमी होतो आणि कोणाला तरी आपला उपभोग आवरावा लागतो. कराच्या मार्गात तो कोणी आवरायचा हे कायदेमंडळात उघड चर्चेने ठरते. नोटांच्या मार्गात ते बाजारभाव ठरवितो. ज्याच्यापाशी माल आहे, जमीन आहे, सोने आहे, तो भाव वाढताच अधिक श्रीमंत होतो. ज्याच्यापाशी केवळ ठरीव वेतन वा रोजची मजुरी आहे, त्याच्या ताटातला घास उचलला जातो. चलनफुगवटा हा असा कर आहे, की ज्याला कोणत्याही विधिमंडळाची मंजुरी लागत नाही आणि जो गरिबांवरच सर्वांत चढ्या दराने बसतो.

या विधानाचा पुरावा शोधण्यासाठी १९२३ सालच्या जर्मनीत जाण्याचे कारण नाही. तो भारताच्याच इतिहासात पडलेला आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकार आणि भारत सरकार यांच्यात लष्करी खर्चाच्या वाटणीचा करार झाला. शांतताकाळातील नेहमीचा खर्च आणि केवळ भारताच्या संरक्षणासाठी लागणारा खर्च भारताने करावा, उरलेला ब्रिटनने द्यावा, असे ठरले. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. परंतु ब्रिटनने आपला वाटा लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा केला. भारतातील माल मात्र रुपये मोजून विकत घ्यायचा होता. लंडनमधील त्या स्टर्लिंग रोख्यांना तारण समजून रिझर्व्ह बँकेने येथे नोटा काढल्या. युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपले तेव्हा त्या १,२०० कोटींच्या आसपास पोहोचल्या होत्या. ऑगस्ट १९३९ चे घाऊक भाव १०० धरले, तर अखेरच्या वर्षांत ते २४० च्या घरात गेले होते. हिशेबाच्या वह्या निर्दोष होत्या. प्रत्येक नोटेमागे कायद्याला मान्य असे तारण होते. फक्त ते तारण लंडनमध्ये होते आणि धान्य भारतातून गेलेले होते.

याच काळात रुपयाच्या नाण्यातली चांदीही गेली. १९४० पूर्वीच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. त्या साली ती निम्म्यावर आणण्यात आली आणि १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. तरीही रुपयाचा अधिकृत विनिमय दर युद्धाच्या आधी जो एक शिलिंग सहा पेन्स होता, तोच युद्धानंतर राहिला. लंडनच्या पेढ्यांच्या लेखी रुपया तसूभरही ढळला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा आग्रहाने मांडला होता. रुपयाचा परकीय दर स्थिर राखून रुपया स्थिर होत नाही, त्याची देशातील क्रयशक्ती स्थिर राखली पाहिजे आणि त्यासाठी चलन काढण्याच्या सरकारी स्वेच्छेला आवर घातला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वीस वर्षांनी त्याची प्रचीती आली. मुंबई विद्यापीठातील प्रा. चं. न. वकील यांनी १९४३ मध्ये घसरत्या रुपयावर पुस्तकच लिहिले. सरकार मात्र भाववाढीचे खापर साठेबाजांवर आणि वाहतुकीच्या अडचणींवर फोडत राहिले.

या धोरणाची किंमत बंगालने मोजली. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात तांदळाचा भाव मणाला तेरा-चौदा रुपये होता. पुढच्या मे महिन्यात तो तीस रुपयांच्या पलीकडे गेला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला होता, वादळाने पीक बुडविले होते, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने नावा ताब्यात घेतल्या होत्या, हे सर्व खरे. पण अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात आकडेवारीनिशी दाखवून दिले, की १९४३ मधील धान्याचा पुरवठा दुष्काळ न पडलेल्या १९४१ पेक्षा कमी नव्हता. युद्धाच्या पैशाने कलकत्त्यात भाव चढले. तेथील कारखान्यांतील कामगारांना आणि सरकारी नोकरांना मालकांच्या व सरकारच्या दुकानांतून स्वस्त तांदूळ मिळत होता, कारण युद्धाला त्यांची गरज होती. खेड्यातील शेतमजूर, कोळी, भात सडणाऱ्या स्त्रिया यांची युद्धाला गरज नव्हती. त्यांची मजुरी वाढली नाही आणि त्यांच्या हातातील रुपयाला तांदूळ येईना. सरकारी चौकशी आयोगानेच मृतांची संख्या पंधरा लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली. चलनाचे मूल्य घसरणे म्हणजे काय, याचा याहून भीषण अर्थ असू शकत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. फॅसिझमविरुद्धचे युद्ध जिंकणे आवश्यक होते, जपानी सैन्य दाराशी आले होते, अशा वेळी नोटा छापण्यावाचून दुसरा कोणता उपाय होता? उत्तर ब्रिटननेच दिलेले आहे. त्या देशात १९४० मध्ये युद्धकाळातील जादा नफ्यावर शंभर टक्के कर बसला, १९४१ मध्ये प्राप्तिकराचा मूळ दर पौंडामागे दहा शिलिंगांवर गेला आणि सरदारापासून खाणकामगारापर्यंत सर्वांना शिधापत्रिका मिळाली. लॉर्ड केन्स यांनी युद्धाचा खर्च कसा भागवावा यावर १९४० मध्येच पुस्तिका लिहून चलनफुगवट्याचा मार्ग अन्याय्य ठरविला होता. भारतात जादा नफ्यावरील कर ५० टक्क्यांपासून सुरू होऊन दोन-तृतीयांशावर आला. कापडगिरण्यांच्या मालकांनी अमाप कमावले, आणि व्यापक शिधावाटप आले ते बंगाल उपाशी मेल्यानंतर. म्हणजे उपाय ठाऊक होता. तो मायभूमीतील मतदारांसाठी राखून ठेवला होता.

बंगालच्या भुकेतून लंडनमध्ये जी स्टर्लिंग शिल्लक साठली, ती युद्धाच्या अखेरीस १३० कोटी पौंडांच्या घरात होती. तिचे पुढे काय झाले? १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे भारतीय प्रतिनिधींनी तिचा काही भाग तरी अन्य चलनांत बदलून मिळावा अशी मागणी केली, ती ब्रिटनने मान्य केली नाही. १९४८ च्या करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने आणि ब्रिटनने येथे मागे ठेवलेले लष्करी साहित्य यांपोटी तिच्यातून मोठी रक्कम वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन होऊन तो ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आला आणि उरलेल्या शिलकेची डॉलरमधील किंमत एका रात्रीत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटली. रुपयाही पौंडाबरोबर उतरला. उपाशी माणसांकडून सक्तीने घेतलेली ती बचत होती. तिची परतफेडही पुरती झाली नाही.

राज्यकर्ते परके होते म्हणून असे घडले, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. स्वकीयांच्या राज्यातील अनुभव त्या समजुतीला धक्का देतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या जवळ गेला. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, अमेरिकेने मदत थांबविली, त्यातच भीषण अवर्षण येऊन धान्याचे उत्पादन ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले; ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांचा झाला. परदेशी धान्य, खत आणि परकीय कर्जाचा हप्ता यांचे रुपयांतील ओझे एका दिवसात दीडपटीहून अधिक झाले. युद्धात वाढलेले भाव देशातील रुपया आधीच खाऊन बसले होते. अवमूल्यनाने त्या घटनेवर सरकारी शिक्का उमटविला.

१९७१ च्या युद्धाची कथा अधिक बोलकी आहे. सुमारे एक कोटी निर्वासितांना भारताने आसरा दिला, हे या देशाचे भूषणच होय. टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावून सामान्य माणसाने त्याचा भार उचलला. पाठोपाठ १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ आणि १९७३ चा तेलाचा भडका आला. १९७४ च्या मध्यास घाऊक भाववाढीचा वेग वर्षाला २५ टक्क्यांच्या वर होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी बोनस आणि महागाईशी जोडलेला भत्ता मागून संप केला, तेव्हा तो चिरडण्यासाठी भारत संरक्षण नियम वापरले गेले. युद्ध संपून अडीच वर्षे झाली होती, पण युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी उठविलेली नव्हती. आणि जुलैत सरकारने वाढीव वेतन व वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत जमा करण्याचा वटहुकूम काढला. लाभांशावरही मर्यादा आल्या हे मान्य. पण साठेबाजाच्या काळ्या पैशाला कोणता वटहुकूम शिवला? भाववाढीने ज्यांचा रुपया लुटला होता, त्यांच्याच भरपाईला कात्री लावून भाववाढ रोखण्यात आली.

आज कायदे बदलले आहेत, असे सांगण्यात येईल. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट विकत घेण्यास बंदी आहे, हे खरे. परंतु २०१८ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय सुरक्षा आणि युद्ध ही कारणे या बंदीला अपवाद ठरविली. दरवाजा बंद आहे, पण ज्या पाहुण्यासाठी तो बंद हवा त्याच्याच हाती किल्ली आहे. दुसरीकडे धनिकांकडून खर्च वसूल करण्याची साधने एकामागून एक मोडीत निघाली: मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. मग पुढच्या युद्धाचे देणे कोण फेडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. युद्ध आपल्या भूमीवर नसले तरी ते चुकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने आक्रमण केले तेव्हा डॉलर सुमारे ७५ रुपयांना होता. ऑक्टोबरात तो ८३ वर गेला, आणि खाद्यतेलापासून खतापर्यंत सारे महागले. त्या वर्षी ज्यांचा भत्ता निर्देशांकाशी जोडलेला होता ते कसेबसे तरले. पण कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले होते आणि दहा वर्षांनंतर, २०२४ मध्येही ते तेवढेच होते. गिरण्यांतून, साखर कारखान्यांतून उभे आयुष्य घालविलेल्या माणसाच्या रुपयाला डॉलरचा दर ठाऊक नसतो. त्याला तेलाच्या पिशवीचा भाव ठाऊक असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक निवृत्तिवेतन आणि प्रत्येक किमान वेतन महागाईच्या निर्देशांकाशी कायद्याने जोडले जावे. संपत्तीवरील आणि वारशावरील कर पुन्हा आणावेत; युद्धाच्या काळात जादा नफ्यावरील कर आधी, नोटा नंतर, असा क्रम संसदेने आजच शांततेत ठरवून ठेवावा. धान्य आणि तेल यांचे वाटप सर्वांसाठी असावे. रणांगणावर मरणारा जवान बहुधा शेतकऱ्याचा वा मजुराचा मुलगा असतो. त्याच्या घरच्या शिध्यातूनच युद्धाचा खर्चही काढला जाणार असेल, तर त्या व्यवहाराला देशभक्तीचे नाव देण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.