मतदारसंघाचा सातबारा

जमिनीच्या सातबाऱ्यावरची प्रत्येक नोंद आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग आपल्या मतदारसंघाच्या नोंदी पाहायला नकोत का?

कल्याण ग्रामीणचेच घ्या. २००८ च्या फेररचनेत हा मतदारसंघ झाला. २००९ मध्ये मनसेचे रमेश पाटील, २०१४ मध्ये शिवसेनेचे सुभाष भोईर, २०१९ मध्ये मनसेचे राजू पाटील आणि २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश मोरे निवडून आले. चार निवडणुका, चार आमदार! बांधाला लागूनच डोंबिवली; तिथे मात्र चारही वेळा भाजपचे रवींद्र चव्हाण.

या भागातली २७ गावे २००२ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. घरपट्टी कोणाकडे भरायची, पाण्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे, हेच त्यामुळे बदलले. असे निर्णय मुंबईत होतात, आणि तिथे आपला माणूस आपणच धाडतो.

आमदार बदला किंवा तोच ठेवा, पण पाच वर्षांचा हिशेब मागा. पेरणी करून शेताकडे पाठ फिरवली, तर पीक घरात येते का? मताचेही तसेच आहे.