गोळीला नेमकं ढकलतं कोण?

२००७ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ आला आणि गेमवेड्या पब्लिकला एक नवा शब्द मिळाला : कोरिऑलिस. लांबचा शॉट मारताना पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब धर, असं त्यातला सिनियर सांगतो आणि आपण रूममेटसमोर भाव खातो. त्याच वर्षीच्या ‘शूटर’मध्ये मार्क वॉलबर्गनेही हेच ऐकवलं. तेव्हापासून हा फंडा पार्टीत फेकायला बरा पडतो. आकडा मात्र कोणी विचारत नाही. चला, विचारूया.

समजा, सोलापूर हायवेवर भिगवण ओलांडून तुम्ही डाळजला उभे आहात. (फक्त समजा हं! तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, त्यांना कॅमेऱ्यानेच शूट करायचं.) समोर उजनीचं बॅकवॉटर, एक किलोमीटरवर टार्गेट. दमदार रायफलीची गोळी तिथवर जायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि गोळी उजवीकडे सरकते. किती? साडेतीन-चार सेंटीमीटर. जेमतेम एका लिंबाएवढी!

कारण डाळज विषुववृत्तापासून अवघ्या १८ अंशांवर आहे. उत्तर ध्रुवावर हाच आकडा १२च्या आसपास जातो. पटत नसेल तर पुण्यात आयुकामधला फूको पेंड्युलम आठवा. ध्रुवावर अशा लंबकाची झुलण्याची दिशा दिवसभरात एक चक्कर मारते. पुण्यात तिला तब्बल ७५ तास लागतात. आपल्याकडे हा इफेक्ट मुळात आळशी आहे.

त्याचा भाऊ मात्र तसा नाही. पूर्वेकडे झाडलेल्या गोळीच्या वेगात पृथ्वीचा वेग मिसळतो, ती किंचित हलकी झाल्यासारखी वागते आणि वर लागते. डाळजहून किलोमीटरभर पूर्वेला मारा, गोळी अकराएक सेंटीमीटर वर. तेवढीच पश्चिमेला मारा, तेवढीच खाली. हा प्रकार विषुववृत्ताकडे जाताना वाढत जातो. गेममधल्या सिनियरने आपल्याला खरं तर हे सांगायला हवं होतं.

आता बॅरल. तिच्या आतल्या पिळदार खाचा गोळीला भोवऱ्यासारखं गरगर फिरवतात, म्हणून तर ती नाक पुढे ठेवून जाते. पण वाट हळूहळू खाली वळते आणि फिरणारी वस्तू सरळ मान झुकवत नाही, जरा बाजूला कलते. उजव्या पिळाची गोळी नाक किंचित उजवीकडे ठेवून उडते आणि हवा तिला तिकडेच रेटते. किलोमीटरवर साधारण वीस सेंटीमीटर. म्हणजे आपल्याकडे पृथ्वीपेक्षा पीळ पाचपट भारी! आजच्या बहुतेक रायफलींचा पीळ उजवा. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या थ्री नॉट थ्रीचा डावा. तिची गोळी डावीकडे सरकायची आणि पृथ्वी त्यातलं थोडंसं परत द्यायची.

आणि मग येतो वारा. उजनीच्या पाण्यावरून ताशी दहा किलोमीटरची आडवी झुळूक आली, शर्टाची कॉलरही नीट हलणार नाही अशी, की तीच गोळी मीटरभर बाजूला. पृथ्वी, पीळ सगळं त्यात बुडालं. शिवाय पीळ आणि पृथ्वी रोज तेच वागतात, त्यांचं गणित आधी मांडून ठेवता येतं. वारा गोळी सुटल्यावरही मूड बदलतो.

आपल्या मेडलवाल्यांचं तर अंतरच ५० मीटर. म्युनिकमध्ये २०१० साली वर्ल्ड चॅम्पियन झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की कांबळवाडीचा, आधी रेल्वेत टीसी राहिलेला स्वप्नील कुसाळे, त्यांची पॉइंट टू टूची गोळी सेकंदाच्या सहाव्या भागात कागदावर. पृथ्वीचा वाटा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. साइट जुळवतानाच तो हिशोब मिटून जातो. उरतात रेंजवरची वाऱ्याची निशाणं, श्वास आणि ट्रिगरवरचं बोट.

२०२३च्या हांगझाऊ एशियाडमध्ये स्वप्नील फायनलला आघाडीवर होता. उभ्याने मारताना एक शॉट फसला आणि तो चौथा आला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्टला, पुन्हा तीच फायनल, पुन्हा शेवटी उभं राहूनच मारायचं. स्कोअर ४५१.४, ब्राँझ.