खरे, खोटे आणि कोणाचे? : जुन्या वस्तूंच्या व्यापारावरील सौम्य रहस्यकथा

रहस्यकथेला रंजनपर साहित्याच्या कप्प्यात टाकून तिच्याविषयी मौन पाळण्याची सवय मराठी समीक्षेला फार दिवसांपासून आहे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा उल्लेख वाचनाची गोडी लावणारा लेखक म्हणून कृतज्ञतेने होतो. त्यांच्या कथनरीतीचा विचार मात्र क्वचितच होतो. ज्या वाङ्मयप्रकाराचा हेतूच मनाला विसावा देणे हा आहे, त्यात तपासण्यासारखे काय असणार, अशी या मौनामागची धारणा असते. परंतु विसावा देणाऱ्या कथेलाही काही प्रश्न बाजूला सारावे लागतात. कोणता प्रश्न बाजूला सारल्याने हा विसावा शक्य झाला, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे. इंग्रजीत ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथेची एक शाखा जुन्या वस्तूंच्या व्यापारात रमते. या दृष्टीने ती विशेष उद्बोधक आहे.

सौम्य रहस्यकथेचा आकृतिबंध परिचित आहे. एक लहान, परस्परांना ओळखणारा समाज, पडद्याआड घडणारी हिंसा, हौशी शोधक आणि अखेरीस पूर्ववत होणारी घडी हे तिचे घटक होत. या आकृतिबंधाला जुन्या वस्तूंचा व्यापार सहज मानवतो, कारण व्यापारी आणि शोधक यांची कामाची पद्धत एकच आहे. लाकडाचा सांधा, धातूवर चढलेला काळसरपणा, चांदीवरील कसाचा शिक्का, दुरुस्तीची खूण यांवरून व्यापारी वस्तूचे वय ठरवतो. शोधक अशाच क्षुल्लक खुणांवरून गुन्ह्याचा क्रम लावतो. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी व्यापारात किंमत ठरवते, तर कथेत तीच पुरावा बनते. जोनाथन गॅश या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉन ग्रँट यांच्या ‘द ज्यूडास पेअर’ (१९७७) या कादंबरीत हे साम्य अगदी उघड आहे. तिचा नायक लव्हजॉय हा पूर्व इंग्लंडातील जुन्या वस्तूंचा व्यापारी. अस्सल वस्तू समोर आली की त्याला ती अंगात जाणवते. द्वंद्वयुद्धासाठी घडवलेल्या पिस्तुलांच्या एका दंतकथाप्राय जोडीचा आणि तिच्याशी निगडित खुनाचा तो एकाच वेळी शोध घेतो. हा नायक स्वतः बनावट वस्तू करण्यातही वाकबगार आहे. कादंबरीतील लव्हजॉय पुरेसा कठोर आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला अधिक लोभस केले आणि खऱ्या अर्थाने सौम्य परंपरेत आणून बसवले.

या परंपरेचे समाधान कशात आहे? डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याचे मूळ निष्पापतेच्या ओढीत शोधले. गुन्ह्याने कलंकित झालेला समाज अपराधी सापडताच पुन्हा निर्मळ होतो, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. जुन्या वस्तूंच्या कथेत या निर्मळतेला एक मूर्त रूप मिळते, ते म्हणजे वस्तू मूळ मालकाकडे परतणे. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ (१९३०) मध्ये पुरातत्त्वज्ञाचे सोंग घेतलेला एक तोतया कर्नल प्रोथरो यांच्या घरातील जुनी चांदीची भांडी लांबवून त्यांच्या जागी नकला ठेवतो. कारस्थान उघडकीस येते. ही चांदी प्रोथरो घराण्याची, याविषयी वाचकाच्या मनात शंका उद्भवत नाही. बंदिस्त खेड्यात मालकी ही गृहीत धरलेली वस्तुस्थिती असते.

हीच युक्ती ख्रिस्ती यांनी ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ (१९३६) मध्ये इराकातील उत्खननस्थळी नेली. तेथेही एक तोतया आहे. तोही उत्खननात सापडलेल्या मौल्यवान वस्तू पळवून त्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती ठेवतो. येथे मात्र भूमी बदलली आहे. उत्खनन करणारे पाश्चात्त्य, वस्तू इराकच्या मातीतल्या. तरीही कथेच्या दृष्टीने चोरी होते ती मोहिमेच्या कोठारातून. कोठाराच्या पलीकडचा, म्हणजे ही वस्तू मुळात कोणाची, हा प्रश्न कथा विचारत नाही. सेंट मेरी मीडचे कुंपण लेखिकेने वाळवंटात उभे केले आहे. पती मॅक्स मॅलोवन यांच्यामुळे ख्रिस्ती यांना उत्खननाच्या जीवनाची जवळून ओळख होती. म्हणून या मौनाला अज्ञान म्हणता येत नाही. ती या आकृतिबंधाची गरज आहे. वस्तू खरी की खोटी, अपराधी कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की घडी बसते. वस्तू कोणाची हा तिसरा प्रश्न उपस्थित झाला, तर ती बसत नाही.

लक्षणीय बाब अशी की, इंग्रजी रहस्यकथेच्या आरंभी हा तिसरा प्रश्न विसरला गेला नव्हता. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीतील हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावात एका इंग्रज अधिकाऱ्याने रक्त सांडून मिळवलेला आहे. कादंबरीत त्याचा इतिहास सोमनाथच्या मूर्तीपर्यंत मागे जातो. यॉर्कशायरच्या घरातून तो नाहीसा होतो, तेव्हा ती चोरीच्या मालाची चोरी असते. शेवटी हिरा वारसदार तरुणीकडे परतत नाही. तो मूर्तीच्या कपाळी जातो, आणि तो परत नेणारे ब्राह्मण इंग्रजी कायद्याच्या हाती लागत नाहीत. या कादंबरीत पौर्वात्य गूढतेचे भडक रंग आहेत यात शंका नाही. तरीही ‘परत करणे’ म्हणजे नेमके कोणाला, हे कॉलिन्स विचारतात. पुढील सौम्य परंपरेने त्यांची कोडे रचण्याची रीत उचलली आणि हा प्रश्न मागे ठेवला.

हा आक्षेप केवळ पुस्तकी नाही, हे शिवपुरमच्या नटराजाच्या प्रकरणावरून दिसते. तमिळनाडूतील शिवपुरम येथे १९५१ मध्ये ब्राँझमूर्ती सापडल्या. त्यांतील नटराजाची मूर्ती दुरुस्तीसाठी दिली गेली. देवळात परतली ती नक्कल, आणि मूळ मूर्ती व्यापारी मार्गाने परदेशी पोहोचली. १९७३ मध्ये ती अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहासाठी खरेदी झाली आणि दीर्घ वादानंतर १९८६ मध्ये भारतात परत आली. ख्रिस्ती यांनी कोड्यासाठी योजलेली अदलाबदल येथे प्रत्यक्षात घडली. पण तिच्यातून निघणारा प्रश्न कोणत्याही सौम्य कथेत मावणार नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने जी जुनी ती अस्सल. भक्ताच्या दृष्टीने जिच्यात प्राणप्रतिष्ठा झाली आहे आणि जिची पूजा होते ती खरी. ‘अस्सल’ या एका शब्दाचे असे दोन अर्थ समोरासमोर येतात, तेव्हा केवळ तज्ज्ञाची नजर निकाल देऊ शकत नाही.

सत्यजित राय यांची ‘कैलासे केलेंकारी’ (१९७३) ही फेलूदाकथा या पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे तोडलेले शिर आणि मूर्तींची तस्करी यांचा माग काढत फेलूदा महाराष्ट्रात, वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. कथा किशोरांसाठी आहे. विनोद, प्रवास, मित्रांची थट्टामस्करी हे सौम्य परंपरेचे सारे गुण तिच्यात आहेत. मात्र येथे वस्तूला खाजगी मालक नाही. फेलूदाला चीड येते ती कोणा अशिलाचे नुकसान झाले म्हणून नव्हे; भिंतीवरून शिर तोडले जाणे हाच त्याच्या लेखी गुन्हा आहे, आणि खून त्यामागून येतो. शिर हस्तगत झाले तरी दगडावरचा घाव भरत नाही. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत होऊन १९७६ मध्ये अमलात आला. त्या दोन वर्षांच्या मधल्या काळात ही कथा प्रसिद्ध झाली, हा योगायोगही बोलका आहे. सौम्य रहस्यकथेचा जिव्हाळा न गमावता तिसरा प्रश्न विचारता येतो, हे राय यांनी सिद्ध केले.

हलक्याफुलक्या प्रकारावर इतिहासाचे एवढे ओझे कशासाठी, असा प्रतिवाद येथे संभवतो. वाचक निवांतपणासाठी पुस्तक उघडतो, न्यायालयात बसण्यासाठी नाही, हे म्हणणे रास्त आहे. परंतु जुन्या वस्तूचे आकर्षणच तिच्या इतिहासात असते. कथेला त्या इतिहासाची झिलई हवी असेल, तर त्याचे देणे नाकारण्याची मुभा तिला मिळू नये. शिवाय राय यांच्या कथेने निवांतपणा आणि प्रश्न यांत विरोध नसल्याचे दाखवले आहेच.

मराठी लेखनाला तर या विषयाची स्वतःची भूमी उपलब्ध आहे. मराठी घरातील जुनी वस्तू बहुधा लिलावात जात नाही. ती मोडीत जाते. वाडा पडतो, वाटण्या होतात, आणि आजीची समई, पानाचा डबा, अडकित्ता हे सारे तराजूत पडते. घर त्याची किंमत वजनावर घेते. पुढचा व्यापारी तीच वस्तू वयावर विकतो. या दोन भावांमधील अंतरात कायद्याच्या भाषेतला गुन्हा नसेलही. कथा मात्र तेथेच आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. १९७५ मध्ये तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. एका कवीने मोडीच्या वाटेवरच्या वस्तूंना आठवणींचे मोल दिले. त्या वस्तू ज्या घरांतून निघाल्या त्या घरांची कहाणी सांगणे हे कथाकाराचे काम आहे, आणि त्यासाठी रहस्यकथेचा आकृतिबंध अपुरा नाही.

पदव्युत्तर वर्गात ‘द मूनस्टोन’, ख्रिस्ती आणि राय एकत्र वाचले गेले, तर लोकप्रिय साहित्याचा अभ्यास केवळ अभिरुचीच्या तक्रारीपुरता राहणार नाही. खरे काय आणि खोटे काय, हे ओळखण्यात ही कथा आधीच निष्णात आहे. कोणाचे, हे विचारण्याची सवय तिला वाचकांनी आणि समीक्षकांनी लावायची आहे.